लिटरला आठ

"तू खाली उतर," कानमिस्त्री म्हणाला.

"का?"

"उतर म्हणतोय ना. तू उतरलीस की बघतो गाडी किती देते ते."

पेट्रोल पंपावर दुपारची गर्दी होती, आणि गर्दीला फुकटचा तमाशा मिळाला. पंपावरच्या माणसाने टाकी गळ्यापर्यंत भरून नळी जागेवर अडकवली होती. कानमिस्त्रीने मनातल्या मनात भागाकार केला, मग पुन्हा केला, मग बोटांवर केला. उत्तर काही बदलेना. लिटरला पाच किलोमीटर.

"आता माझ्या वजनावर आलात का?" टेलरबाई म्हणाली. "मी काय सिमेंटचं पोतं आहे? अख्खं घर चाकांवर घेऊन फिरता. त्यात पलंग, त्यात शेगडी, त्यात न्हाणीघर. आणि पेट्रोल पितं कोण, तर मी!"

"मी एकटा गेलो की आठ देते. तू बसलीस की पाच. हा हिशोब मी नाही केला, पंपाने केलाय."

"मग एकटेच जा."

असं म्हणून तिने समोर डॅशबोर्डवर लटकवलेली आपली जाड कापडी पिशवी काढून घेतली. काढता काढता पिशवीमागचं काळं बटण अंगठ्याने हळूच आत ढकललं, आणि ती उतरली. मागे वळून न बघता ती पायी निघाली. पंपावरचा माणूस हसला. कानमिस्त्रीने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याचं हसू तोंडातच राहिलं.

ही जोडी गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. नवऱ्याला कानमिस्त्री म्हणत, कारण पेट्रोल गाडीच्या पोटात काय दुखतंय हे तो बोनेट न उघडता, नुसतं ऐकून सांगायचा. सहलीच्या गाड्या चालवणाऱ्या एका कंपनीत त्याचा जन्म गेला. गाडी कुठे रस्त्यात बंद पडली की याने हत्यारांची पेटी उचलायची आणि निघायचं. परत कधी येणार हे देवालाही विचारायची सोय नसे. बायकोला टेलरबाई म्हणत, कारण तळमजल्यावरच्या दोन खोल्यांपैकी पुढच्या खोलीत, खिडकीला लागून तिचं पायमशीन होतं आणि लोक रस्त्यातूनच खिडकीतून कापड आत देत. शाळेचे गणवेश, पडदे, तुटलेल्या चेनी, उसवलेले खिसे. नवरा गावोगाव फिरत होता तेव्हा तिने त्या खिडकीतून पोरगी वाढवली, शिकवली, तिचं लग्न लावलं. लग्नाच्या दिवशी हा कुठल्यातरी डोंगरात एका गाडीखाली झोपलेला होता. संध्याकाळी पोचला. तोवर मांडव उतरवत होते.

असला माणूस निवृत्त झाला तर घरी बसेल, असं बाईला वाटलं होतं. हा तर अख्खं घरच बाहेर काढायला निघाला.

कंपनीच्या आवारात एक जुनाट मोटरहोम सडत पडली होती. कोण्या हौशी माणसाची असावी. वरचा रंग उडालेला, आतल्या गाद्यांत उंदरांनी संसार मांडलेला. कानमिस्त्रीने ती घेतली, दारात आणून उभी केली आणि जाहीर केलं की दोन खोल्या भाड्याने द्यायच्या आणि उरलेलं आयुष्य या गाडीत काढायचं. आज इथे, उद्या तिथे.

"सगळे रस्ते मी गाड्यांच्या पोटाखालून पाहिलेत," तो म्हणाला होता. "वरून एकही नाही पाहिला. तुलाही दाखवीन."

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? चांगली गोष्ट आहे."

एवढ्या एका उत्तराने बाईचं डोकं जे फिरलं ते फिरलंच. सारा जन्म हा बाहेर आणि आपण आत. आता कुठे ते आत आपल्या मालकीचं झालं, खिडकी आपली, गिऱ्हाईक आपलं, आणि हा येऊन म्हणतो, चल. पण नाही म्हटलं तर तो महिनाभर हट्ट धरून बसेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने नाही म्हटलंच नाही. तिने अट घातली. चारचौघांत घातली, म्हणजे मोडता येऊ नये.

"ही गाडी दारुड्यासारखी पिते. मला शेजारी बसवून लिटरला आठ देऊन दाखवा. ज्या दिवशी देईल त्या दिवशी मी एक शब्द न बोलता पिशवी उचलून येते. तोवर या घरात तो विषय नको."

हवा-पेट्रोलचं माप जुळवणाऱ्या कार्बुरेटरच्या बाबतीत आव्हान! कानमिस्त्री तर खूषच झाला. त्याच्या मते बाईने हो म्हटल्यातच जमा होतं.

पहिल्याच दिवशी बाई शेजारच्या सीटवर बसली आणि म्हणाली, "इथे एक खुंटी लावा. पिशवी कुठे ठेवू? खाली ठेवली की पायात येते, मांडीवर ठेवली की कड्या टोचतात." पिशवी म्हणजे बाईचं फिरतं दुकान. तिच्यात कात्री, टेप, दोऱ्यांची रिळं, पितळी बटणांचा डबा, पाण्याची बाटली, गोळ्या. "करू," कानमिस्त्री म्हणाला. त्याचं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं. बाईने इकडेतिकडे पाहिलं. डॅशबोर्डच्या मधोमध एक काळं बटण जरासं बाहेर आलेलं दिसलं. तिने त्याला पिशवी अडकवली.

ते बटण चोकचं होतं. थंड इंजिन सकाळी उठायला कुरकुर करतं, तेव्हा ते बाहेर ओढायचं. मग कार्बुरेटरच्या तोंडावरची झडप मिटते, हवा कमी जाते, पेट्रोल जास्त जातं, आणि इंजिन जागं होतं. ते गरम झालं की बटण आत. चुकून बाहेर राहिलं तर गाडी वाटभर अधाशासारखी पीत राहते. कानमिस्त्री निघताना बटण आत ढकलायचा. मग बाई पिशवी अडकवायची, आणि खड्ड्याखड्ड्याला पिशवीच्या वजनाने ते बोटभर बाहेर यायचं. पिशवीमागे काय चाललंय ते दिसणार कोणाला? आणि बायकोची पिशवी ही वस्तू तशीही नवऱ्यांना दिसत नाही. ती हरवली तरच दिसते.

पहिल्या दोन फेऱ्या अशा वाया गेल्या, आणि त्यात बाईचा काही दोष नव्हता, हे सांगायला हवं.

तिसऱ्या फेरीआधी त्याने दारातच कार्बुरेटर लावायला घेतला. त्या कामाला दोन माणसं लागतात. एक बोनेटमध्ये वाकून बारीक स्क्रू फिरवणार, दुसरं आत बसून अ‍ॅक्सिलरेटर एका जागी धरून ठेवणार. पायमशीनवर जन्म गेलेला बाईचा पाय. तो केसभर हलत नसे. कंपनीत असा पाय एकाचाही नव्हता, हे कानमिस्त्रीला मनातून मान्य होतं आणि त्याने ते कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

"चोक आत कर!" तो बोनेटमधून ओरडला.

"कुठला?"

"मधलं काळं बटण! आत ढकल!"

बाईने पिशवी काढली. बटण बाहेर आलेलं होतं. तिने ते ढकललं, आणि इतका वेळ घसा बसल्यासारखं गुरगुरणारं इंजिन एकदम मऊ झालं. बाईला इंजिनातलं काही कळत नव्हतं. पण यंत्राच्या पोटातला ताण सैल झालेला तिला पायात कळला. तिने हातातल्या पिशवीकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं.

"कोणी ओढून ठेवलं होतं?" त्याने विचारलं.

"तुम्हीच ओढलं असेल सकाळी."

तो पहिला खोटा शब्द. त्यानंतर खोटं बोलायची गरजच पडली नाही. फेरीला निघताना पिशवी अडकवायची आणि उतरताना बटण अंगठ्याने आत ढकलायचं, एवढंच करायचं होतं. ती ते करत राहिली. तिला वाईट वाटत नव्हतं, उलट गुदगुल्या होत होत्या. इतकी वर्षं हा मला न विचारता जात-येत होता, आता बघू म्हणावं कसा जातो.

कानमिस्त्री चक्रावला. बाईला घेऊन आला की स्पार्क प्लग काजळीने काळे. म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. तो कार्बुरेटरची झडप बघायचा, तर ती सताड उघडी. मग तो पेट्रोल आणखी कमी करायचा. दुसऱ्या दिवशी एकटा गेला की इंजिन खोकायचं, चढावर दम टाकायचं, प्लग पांढरेफटक. मग पुन्हा वाढवायचा. तो कार्बुरेटरमधला जेट बदलायचा, फ्लोट बदलायचा. पंपवाल्याशी माप कमी देतो म्हणून भांडला, टायरमध्ये हवा जास्त भरून पाहिली, आतला पलंग काढून गल्लीत ठेवला, पुन्हा आत नेला. शेवटी बायकोच्या वजनावर आला. पंपावरचा तो तमाशा झाला तो याच काळात.

त्या दिवसानंतर घरात बोलणं म्हणजे फक्त टोमणे उरले.

"चहा ठेवलाय. लिटरला किती लागला ते विचारू नका."

"तुझ्या जिभेला एखादा स्क्रू असता तर बरं झालं असतं."

"असता तरी तुम्हाला लावता आला नसता."

हे शेवटचं वाक्य जरा खोलवर गेलं. तो कप तसाच ठेवून बाहेर गेला. बाईने खिडकीतून पाहिलं, तर तो गाडीशेजारी नुसता उभा होता. बोनेट उघडलं नव्हतं.

मग डिझेल येऊ लागला. डिझेल म्हणजे त्याच कंपनीतला मोठ्या बसगाड्यांचा मेकॅनिक. नाव काही वेगळं होतं, पण पेट्रोल इंजिनाला तो आयुष्यभर 'बाहुलीचं यंत्र' म्हणत आला, म्हणून हे नाव पडलं. दोघांचं कधी पटलं नाही. आता तर त्याला आयतीच मेजवानी मिळाली. रोज संध्याकाळी येऊन गाडीला टेकून उभा राहायचा.

"काय कानसाहेब, आज किती? पाच? वा! नाचता येईना, अंगण वाकडं. आणि तुझं तर अंगणच चाकांवर!"

"तू जा."

"जातो. पण म्हातारपणी कान जातात बरं का. लाज वाटून घेऊ नये."

पूर्वीचा कानमिस्त्री असता तर त्याने पाना उगारला असता. हा हातातला पाना पेटीत ठेवून आत गेला. त्याच आठवड्यात तो कानाच्या डॉक्टरकडे गेला. जाताना रस्त्यात लागेल म्हणून बाईनेच पाण्याची बाटली भरून दिली. कशासाठी जातोय ते तिला माहीत होतं. तो परत आला तेव्हा तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"म्हणाले, वयाच्या मानाने चांगले आहेत."

"मग?"

"त्यांना काय कळतंय. त्यांनी कानात शिट्ट्या वाजवल्या. शिट्टी कोणालाही ऐकू येते."

बाईने त्याच्या हातातली बाटली घेऊन ओट्यावर ठेवली. मग ती मशीनवर जाऊन बसली.

पण खरी गोष्ट झाली ती त्यानंतर. कोपऱ्यावरचा शिक्षक आपली जुनी पेट्रोल गाडी घेऊन दारात आला. इंजिन बंद न करता नुसता हॉर्न वाजवला. वर्षानुवर्षांची हीच रीत होती. कानमिस्त्री आतूनच ओरडून सांगायचा, "दुसरा प्लग बदल," की काम झालं. या वेळी आतून आवाज आला नाही. शिक्षक उतरून खिडकीशी आला. "मिस्त्री, ऐका ना जरा."

कानमिस्त्री दारात आला. "दुसऱ्या कोणाला तरी दाखव," तो म्हणाला. "माझा कान आता राहिला नाही."

"असं काय म्हणता!"

"दाखव म्हटलं ना!" असा ओरडला की शिक्षक निमूटपणे गाडीत जाऊन बसला.

बाई मशीन चालवत होती. पडद्याचं जाड कापड होतं, आणि मशीन तेलाविना करकरत होतं. हा आवाज झाला की एरवी पाठीमागच्या खोलीतून हुकूम यायचा, 'बॉबिनखाली तेल घाल, बहिरी झालीस का?' लग्न झाल्यापासून ती त्या हुकमावर चिडत आलेली होती. आज तो तिच्यापासून हातभर अंतरावर खुर्चीत बसला होता. मशीन किंचाळत होतं. त्याने मान वर केली, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. आपल्याला ऐकू येतंय ते खरं की भास, याचीच त्याला खात्री राहिली नव्हती.

बाईने पाय थांबवला. उठून स्वतःच तेल घातलं. तेलाचा डाग गिऱ्हाइकाच्या पडद्यावर पडला. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

सांगावं का? रात्रभर तिच्या मनात तेच चाललं. पण सांगितलं की गाडी आठ देणार, आठ दिली की शब्द पाळायचा, आणि शब्द पाळला की ही खिडकी गेली. तिच्या जागी कोणीतरी भाडेकरू खाट टाकून बसणार. सकाळपर्यंत तिने ठरवलं की सांगायचं, पण आणखी थोडं थांबून.

तिला थांबावं लागलं नाही. सकाळी चहा पिताना कानमिस्त्री म्हणाला, "विकतोय."

"काय?"

"गाडी. डिझेलने एक गिऱ्हाईक आणलंय. फोटोग्राफर आहे कोणी. बायकोला घेऊन फिरायचंय त्याला. दुपारी येतोय. तुलाही बसावं लागेल, घरातल्या बाईशी बोलायचंय म्हणतो, आतल्या सोयीबद्दल." मग म्हणाला, "जिंकलीस तू. झालं समाधान?"

बाई जिंकली होती. आणि तिने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

फोटोग्राफर साधा, बडबड्या माणूस निघाला. आत शिरल्या शिरल्या त्याने कपाटं उघडली, पलंग दाबून पाहिला, खिडकीतून बोटांची चौकट करून गल्लीचा फोटो काढल्यासारखं केलं. डिझेल मागच्या बाकावर पाय पसरून बसला. फोटोग्राफर दोन्ही सीटच्या मध्ये, इंजिनाकडे तोंड करून, एका स्टुलावर. बाई आपल्या जागी. सवयीने तिने पिशवी बटणाला अडकवली. सवयीने, हे खरं. आज तिच्या मनात तसं काही नव्हतं. गाडी निघाली. गल्लीच्या तोंडाशी पहिला खड्डा, मग दुसरा, मग गतिरोधक. इंजिन घशातून बोलू लागलं.

"एक विचारू का?" फोटोग्राफर म्हणाला. "खरं सांगा हं. लिटरला किती?"

मागून डिझेल खाकरला. "सांग, सांग. लाजू नकोस."

कानमिस्त्रीने समोरच्या रस्त्यावरची नजर काढली नाही. "पाच," तो म्हणाला. "खोटं नाही सांगणार. इंजिन वाईट नाही, दोष माझ्यात आहे. मला नीट लावता आलं नाही. आधी कान होता माझा, लोक लांबून यायचे. आता नाही ऐकू येत मला. तुम्ही चांगल्या माणसाला दाखवा, तो लावून देईल."

"ऐका!" डिझेल मांडीवर थाप मारून हसला. "हे ऐकायला मी किती वर्षं थांबलो होतो!"

बाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिला त्याचा राग होता, आजही होता. मांडव उतरताना आलेला माणूस होता तो. पण आपण शिवलेला सदरा चारचौघांत उलटा करून, माझा हात गेला हो, असं आपल्याला सांगावं लागलं असतं तर? ती मेलीच असती. हा सांगत होता, आणि गाडी चालवत होता.

तिने पिशवी काढून मांडीवर घेतली. कड्या टोचल्या. मग तळहाताने ते काळं बटण आत ढकललं, अगदी टेकेपर्यंत. लपवून नाही, सगळ्यांसमोर.

इंजिनाचा घसा मोकळा झाला. इतका की फोटोग्राफरनेसुद्धा मान वर केली. गाडी चढाला लागली होती. ती त्या चढावर न खोकता, न थांबता, एका दमात निघाली. मागे डिझेलचं हसणं तुटलं. तो मेकॅनिक होता, त्याला कळलं.

कानमिस्त्रीलाही कळलं. त्याने आधी ऐकलं. मग नजर खाली आणून बटणाकडे पाहिलं, मग बाईच्या मांडीवरच्या पिशवीकडे. बाईकडे मात्र पाहिलं नाही. स्टिअरिंगवरच्या हातांच्या शिरा वर आल्या. आता हा ओरडणार, गाडी थांबवून मला खाली उतरवणार, असं तिला वाटलं. त्याने ओरडावं असंही वाटलं.

"आता एकदम कशी काय गोड चालायला लागली?" फोटोग्राफरने विचारलं.

"चोक ओढलेला राहिला होता," कानमिस्त्री म्हणाला. "चूक माझी. चालवणाऱ्याने बघायचं असतं."

"मग आता किती देईल?"

"आठ. जास्तच देईल."

फोटोग्राफर हरखला. परत येताना व्यवहार ठरूनही गेला. उद्या सकाळी बायकोला घेऊन येतो आणि गाडी नेतो, म्हणाला. डिझेल कोपऱ्यावरच उतरला, चहाला थांबला नाही.

घरात आल्यावर दार लागलं आणि कानमिस्त्री म्हणाला, "कधीपासून?"

"तिसऱ्या फेरीपासून."

"आधीच्या दोन?"

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"मी डॉक्टरकडे गेलो होतो. बाटली कोणी भरून दिली?"

"मी."

"तू भरून दिलीस," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. "शिक्षक दारातून परत गेला तेव्हा कुठे होतीस? इथेच. त्या मशीनवर."

"इथेच होते. आणि तुम्ही कुठे होता? पोरीच्या लग्नात कुठे होता? माझं हे घर तुम्ही भाड्याने द्यायला काढलंत, मला विचारलंत का?"

"यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं होतंस!"

"माझं नाही तुम्ही कधी ऐकलंय का? एवढा कान तुमचा, लोक लांबून यायचे! माझं ऐकलंत कधी? एक खुंटी मागितली होती पहिल्या दिवशी. एक खुंटी! ती लावली असतीत तर हे झालं असतं का?"

खुंटीचं त्याला आठवतच नव्हतं. तोंडावर दिसत होतं की आठवत नाही. मग हळूहळू आठवलं, तेही दिसलं.

मग बाई म्हणाली, "विकू नका. आठ देतेय ती. मी शब्द दिलाय, येते मी."

"माझाही शब्द आहे. त्याला दिलाय."

"फोन करून नाही म्हणा."

"नको," कानमिस्त्री म्हणाला. "शब्द दिलाय म्हणून येणारी बाई मला शेजारी नको."

तो मागच्या खोलीत गेला. बाई मशीनवर जाऊन बसली, पण पाय हलवला नाही. घर तिचंच राहिलं होतं. खिडकी तिची, मशीन तिचं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि आधी कशाला वाट द्यावी ते कळत नव्हतं.

सकाळी उठली तर अंथरूण रिकामं. गाडीतून खुडबुड ऐकू येत होती. ती दारात गेली. कानमिस्त्री शेजारच्या सीटपाशी गुडघ्यावर बसला होता. पेटी उघडी होती. तोंडात दोन स्क्रू, हातात एक पितळी खुंटी. मागच्या खोलीच्या दाराला होती ती, त्याचा सदरा टांगायची. रात्रीत काढलेली दिसत होती.

"काय करताय?"

त्याने स्क्रू तोंडातून काढले. "त्याची बायको बसणार इथे. तिलाही पिशवी असेलच की."

बाई पुढे येऊन गाडीच्या दाराशी उभी राहिली.

"बस तिथे," तो म्हणाला. आवाजात गोडवा नव्हता, बोनेटमधून ओरडायचा तसाच होता. "पिशवी आण आणि बस. हात कुठवर जातो ते कळायला हवं मला."

ती आत जाऊन पिशवी घेऊन आली. सीटवर बसली. पिशवी उचलून तिने सहज हात जाईल तिथे धरली.

"इथे?"

"जरा वर. उतरताना खांद्याला लागेल नाहीतर."

"इथे?"

"हां."

त्याने पेन्सिलीने खूण केली. पेटीत हात घालून ड्रिल शोधू लागला. ते तळाशी गेलं होतं, पाने बाजूला करावे लागत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबल्याचा आवाज आला. फोटोग्राफर आणि एक बाई उतरून इकडे येताना दिसली. त्या बाईच्या खांद्याला मोठी पिशवी होती.

"खाली घेऊ का?" टेलरबाईने विचारलं.

"धर तशीच," कानमिस्त्री म्हणाला.

पिशवीत कात्री होती, बटणांचा डबा होता, पाण्याची भरलेली बाटली होती. हात भरून आला. तिने तो हलू दिला नाही.